न विकलेल्या गोळ्याबद्दल

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा सांगू का मॅडम?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तुम्ही दुकानात बसणं सोडलंत, गल्ला आता तुमची लेक, आमच्या ताई, सांभाळतात, हे परवा कळलं.

लातुरात खेळाच्या सामानाची दुकानं काय कमी आहेत? तरी औसा तालुक्यातले आम्ही मास्तर-मास्तरणी वाट वाकडी करून तुमच्याकडेच येतो. आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या पोरी पोलीस भरतीची तयारी करत होत्या. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. पळायला रस्ता होता, गोळा नव्हता. पोरींनी वर्गणी काढली, मी आणायला आले. तुम्ही ४ किलोचा गोळा उचललात, तळहातावर जरा झुलवलात आणि खाली ठेवलात. "हा नका नेऊ मॅडम. कमी भरायलाय." शेजारच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवला, तर खरंच पावणेचारच्याही आत. वर आकडा मात्र ठसठशीत चारचा. तुम्ही म्हणालात, "हलक्या गोळ्यावर हात बसला की भरतीच्या दिवशी खरा गोळा अलीकडंच पडतो. अन् पोरगी म्हणती, माझंच नशीब फुटकं."

त्या खेपेचे सगळे गोळे तुम्ही परत पाठवलेत. विकले असते तर कुणाला कळलं असतं? आम्हाला तर नक्कीच नाही. पुढे वजनात चोख गोळा एसटीच्या कंडक्टरच्या हाती गावात आला, पैसे मागाहून. त्या पोरींपैकी दोघी आज खाकीत आहेत. मेहनत त्यांची, पण गोळा तुमचा.

बुटांचंही तसंच. पोरीचा पाय वाढता म्हणून बाप एक नंबर मोठा मागायचा. तुम्ही तिला दुकानातच उड्या मारायला लावायचात, टाच सुटते का ते वाकून बघायचात, त्या गुडघ्यांनी! "दुपारनंतर या, पाय जरा सुजलेला असतो, तेव्हाचं माप खरं," हे मी आता शाळेत माझंच ज्ञान असल्यासारखं सांगते.

हे सगळं कुठून आलं ते तुम्ही फारसं बोलत नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नावात अजून बाबासाहेब यायचे होते, म्हणजे १९९४ च्या आधी, तेव्हा तुम्ही त्याच्या व्हॉलीबॉल संघात होतात. सर्व्हिस आपली असेल तरच गुण, १५ चा सेट, लिबेरो, म्हणजे फक्त बचावाला उभा राहणारा खेळाडू, कुणी ऐकलेला नाही. काळ्या मातीवर उड्या मारून गुडघे तिथंच गेले असणार. खेळ सुटला तेव्हा बाकीच्यांसारखं मास्तरकीच्या मागे न लागता तुम्ही रेल्वेनं जालंधर गाठलंत. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधर-मेरठला आले आणि हा धंदा तिथं रुजला, ही गोष्ट मी पहिल्यांदा तुमच्याच काउंटरवर ऐकली. चेंडूची शिवण कशी बघायची तेही.

आमच्याकडे चेंडूत हवा भरायला सायकलचं दुकान. तो दगडासारखा टणक करून द्यायचा, पोरांची मनगटं लाल व्हायची. तुम्ही पंप दिलात आणि सुई आधी ओली करून घालायला शिकवलंत, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो. एकदा वाटेत आमच्या शाळेत उतरून खांबावर जाळीच्या उंचीच्या रंगानं दोन रेघा मारल्यात, २.४३ मीटर मुलांची, २.२४ मुलींची. मग स्वतःच म्हणालात, लहान पोरांना अजून खाली बांधा, आधी चेंडू पलीकडं जाऊ द्या.

आता पैशाचं. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून खेळाच्या साहित्याला प्राथमिक शाळेला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांपर्यंत मिळतात, तेही बहुतेकदा मार्चच्या तोंडावर. एका पुरवठादाराने आम्हाला तयार खोकं दिलं होतं. कॅरम चकचकीत, दोऱ्या महिन्यात तुटल्या. तुम्ही मात्र यादी हातात घेऊन आधी विचारलंत, "पोरं किती? मैदान केवढं? मुली खेळतेत का?" मग निम्मी यादी खोडलीत. बिल कमी झालं आणि त्यातून खो-खोचे खांब निघाले. अनुदान लांबलं तेव्हा उधारीची वही उघडलीत, पण फोन कधी केला नाहीत. तगादा न लावणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही. (ताई, तुम्ही लावा हो. अण्णांचं ऐकू नका.)

सोमवारी कामाला लातूरला येते आहे. जाळी फाटली आहे, शिवून होते का ते बघा. नसेल तर नवी घेईन. आणि मागची बाकी ताईंकडे देणार आहे, तुमच्याकडे नाही, कारण तुम्ही पुन्हा "राहू द्या" म्हणाल.

आपली,
शाळेत खेळाचा चार्ज असलेली एक बाई