पुरावा जवानानेच का द्यायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस अमेरिकेच्या अध्यक्षांनी अण्वस्त्र चाचण्या पुन्हा सुरू करण्याची भाषा केली आणि आपल्याकडेही वाहिन्यांवर, वर्तमानपत्रांत किलोटन-मेगाटनचे, म्हणजे बॉम्बच्या ताकदीचे, हिशेब सुरू झाले. कोणाकडे किती बॉम्ब, भारताने पुन्हा चाचणी करावी की नाही, यावर बरेच लिहून आले. पण पूर्वी या चाचण्या झाल्या तेव्हा जे जवान तिथे उभे केले होते त्यांचे पुढे काय झाले, हे फारसे कुठे वाचायला मिळाले नाही. मी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता तालुक्यातले माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांची पेन्शनची कागदपत्रे करून देतो. त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. थोडे सविस्तर लिहितो, जागा द्यावी.

प्रशांत महासागरात ख्रिसमस नावाचे बेट आहे, आज ते किरिबाटी देशात येते. ब्रिटनने १९५७-५८ मध्ये तिथे हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या घेतल्या. सर्वांत मोठा स्फोट २८ एप्रिल १९५८ चा, सुमारे ३ मेगाटनचा, म्हणजे हिरोशिमाच्या जवळपास दोनशेपट. बेटावर हजारो सैनिक होते आणि त्यांत सक्तीच्या लष्करी सेवेत आलेली अठरा-वीस वर्षांची पोरे पुष्कळ होती. त्यांना किनाऱ्यावर ओळीने, स्फोटाकडे पाठ करून बसवले. डोळे मिटा, वर हात दाबून धरा, एवढाच हुकूम. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी पुढे सांगितले आहे की मिटल्या डोळ्यांनाही स्वतःच्या हाताची हाडे एक्स-रेसारखी दिसली. मग पाठीवर भट्टीसारखी धग आली आणि काही वेळाने हुकूम झाला, आता वळून बघा. बहुतेकांच्या अंगात साधा शर्ट आणि हाफपँट होती. स्फोटाच्या ढगातून नमुने आणायला कॅनबेरा विमाने पाठवली आणि ती परतल्यावर ग्राउंड क्रूच्या पोरांनी धुतली.

अमेरिकेने हे आधीच केले होते. जुलै १९४६ मध्ये प्रशांत महासागरातल्याच बिकिनी बेटाजवळ दोन स्फोट झाले, त्या मोहिमेत सुमारे ४२ हजार माणसे होती. २५ जुलैचा स्फोट पाण्याखाली केला. लक्ष्य म्हणून उभ्या केलेल्या जहाजांवर किरणोत्सर्गी पाण्याचा लोट कोसळला. ती जहाजे साफ करायला खलाशी चढवले, तेही ब्रश, साबण आणि कॉस्टिक सोडा देऊन. दिवसचे दिवस डेक घासला तरी किरणोत्सर्ग जाईना. शेवटी काम थांबवले आणि तिसरा स्फोटही रद्द केला. म्हणजे धोका कळला होता. तरी पुढची कित्येक वर्षे नेवाडाच्या वाळवंटात फौजा खंदकांत बसवून डोक्यावर स्फोट केले आणि नंतर त्यांना धुळीतून स्फोटाच्या जागेकडे चालवत नेले. ३१ ऑगस्ट १९५७ च्या ‘स्मोकी’ स्फोटाच्या वेळी असे ३ हजारांवर सैनिक होते. त्यांची पाहणी १९८० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा रक्ताच्या कर्करोगाचे साडेतीन रुग्ण अपेक्षित असताना नऊ निघाले.

रशियाने १४ सप्टेंबर १९५४ ला ओरेनबुर्गजवळ तोत्स्कोये येथे मार्शल झुकोव्ह यांच्या देखरेखीखाली सराव घेतला. खरा अणुबॉम्ब टाकला आणि सुमारे ४५ हजार सैनिकांची त्याच मुलखात लुटुपुटुची लढाई लावली. फ्रान्सने अल्जीरियाच्या सहारात आणि नंतर पॉलिनेशियात वेगळे काही केले नाही. झेंडे वेगळे असले तरी सैनिकांना दिलेली वागणूक तीच.

सैनिक हुकमाने जातो, हे मला कोणी शिकवायला नको. मीही हुकमाने गेलो आहे. जायचे की नाही असे विचारायची पद्धत कुठल्याच फौजेत नसते आणि नसावी. पण म्हणूनच ज्याने पाठवले त्याची जबाबदारी तिथे संपत नाही. या जवानांच्या बाबतीत नेमकी तीच झटकली गेली.

अमेरिकेत त्यांना गुप्ततेची शपथ होती. कुठे होतो, काय पाहिले हे बायकोला सांगायचे नाही आणि आजारी पडल्यावर डॉक्टरलाही नाही. ही बंदी १९९६ मध्ये उठली, म्हणजे बिकिनीनंतर पन्नास वर्षांनी. तोवर किती माणसे डॉक्टरसमोर गप्प बसून गेली असतील! तोत्स्कोयेच्या सैनिकांना २५ वर्षे तोंड न उघडण्याची अट होती. त्यात १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसमध्ये अमेरिकी सैनिकांच्या नोंदींच्या इमारतीला आग लागली आणि दीड कोटीहून अधिक फायली जळाल्या. एवढे झाल्यावर म्हातारपणी कर्करोग घेऊन दारात आलेल्या माणसाला सरकार विचारते, तू तिथे होतास याचा कागद दाखव आणि डोस, म्हणजे किरणोत्सर्ग, किती मिळाला तेही दाखव.

डोसचा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. छातीवर लावायचा फिल्म बॅज बाहेरून अंगावर पडणारे किरण मोजतो. श्वासातून आत गेलेली धूळ किंवा खाल्लेल्या माशातून पोटात गेलेले कण तो मोजत नाही. असे कण हाडांत, फुप्फुसांत वर्षानुवर्षे बसतात. ख्रिसमस बेटावर तर बॅजही सगळ्यांना नव्हते आणि पोरे फावल्या वेळात त्याच समुद्रात पोहत होती, मासे पकडत होती. अशा वेळी ‘तुमच्या नावावर डोस नोंदलेला नाही’ या वाक्याला किती किंमत द्यायची?

ब्रिटनचा कारभार मला सर्वांत जास्त खटकतो. तिथल्या युद्ध-पेन्शनच्या नियमात नोकरी सुटल्यापासून सात वर्षांच्या आत दावा केला तर आजार सेवेमुळे नाही हे सरकारने सिद्ध करायचे. सात वर्षांनंतर भार सरकतो, दावेदाराला विश्वासार्ह पुरावा आणावा लागतो. आता किरणोत्सर्गाने होणारा कर्करोग वीस-तीस वर्षांनी उगवतो. मग ही सात वर्षे कोणाच्या उपयोगाची? हजारावर माजी सैनिक आणि कुटुंबीय एकत्र न्यायालयात गेले, तर मार्च २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी दावे मुदतबाह्य ठरवले. आजाराचे कारण तुम्हाला आधीपासून ठाऊक होते, तरी दावा उशिरा केला, हे एक म्हणणे. आणि ते कारण सिद्ध करण्याइतका पुरावा आजही तुमच्याकडे नाही, हे दुसरे. दोन्ही बाजूंनी माणूसच अडकला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्यासाठी पदक जाहीर झाले, पहिल्या ब्रिटिश चाचणीला सत्तर वर्षे झाल्यावर. पदकाचा मान मी जाणतो. पण या लोकांचे मागणे वेगळे आहे. त्या वेळी घेतलेल्या रक्त-लघवीच्या तपासण्यांच्या नोंदी आम्हाला द्या, असे ते म्हणतात. स्वतःच्या रक्ताचा अहवाल मागायला ऐंशी-नव्वदीतल्या माणसांना झगडावे लागावे?

ब्रिटनमधल्या मोठ्या पाहण्यांत या सैनिकांचे एकूण मृत्यूचे प्रमाण इतर सैनिकांसारखेच निघाले, ल्युकेमियाबाबत, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाबाबत, तेवढी शंका राहिली, हेही खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण वीस हजारांच्या सरासरीत ढगातून गेलेला वैमानिक आणि लांबच्या तळावरचा स्वयंपाकी एकाच मापाने मोजले जातात. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठाने या ब्रिटिश चाचण्यांना हजर असलेल्या आपल्या देशाच्या नौसैनिकांतले पन्नास जण निवडून त्यांच्या रक्तपेशी तपासल्या, तेव्हा गुणसूत्रांतले एका प्रकारचे बिघाड इतरांच्या सुमारे तिप्पट आढळले. आणि फिजीसारख्या छोट्या देशाने २०१५ मध्ये ब्रिटनची वाट न पाहता त्या चाचण्यांना हजर असलेल्या आपल्या हयात सैनिकांना स्वतःच्या तिजोरीतून पैसे दिले.

अमेरिकेने उशिरा का होईना, बरा रस्ता काढला. १९८८ च्या कायद्याने ठरले की माणूस चाचणीच्या ठिकाणी होता आणि त्याला यादीतला कर्करोग झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे धरायचे. डोसचा पुरावा मागायचा नाही. आज त्या यादीत २१ प्रकारचे कर्करोग आहेत. भरपाईचा वेगळा कायदा जून २०२४ मध्ये संपू दिला होता. तो जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि रक्कम ७५ हजारांवरून एक लाख डॉलर झाली. मधल्या वर्षभरात जे गेले त्यांच्या घरच्यांना काय वाटले असेल, ते ज्यांनी पेन्शनच्या फायलीमागे चपला झिजवल्या आहेत त्यांना कळेल.

यात आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. २ एप्रिल १९५४ ला पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याचे आवाहन केले होते. जगातले ते अगदी सुरुवातीचे आवाहन, आणि बिकिनीवर त्याच वर्षी झालेल्या नव्या स्फोटाची राख जपानी कोळ्यांच्या अंगावर पडल्याला तेव्हा नुकताच महिना उलटला होता. पण त्याहून जवळचा संबंध पुराव्याच्या या प्रश्नाशी आहे. जुलै २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात स्पष्ट सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढे झालेला आजार सेवेमुळे झाला असे मानायचे. तसे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची आणि शंकेचा फायदा जवानाला. ब्रिटनच्या म्हाताऱ्या सैनिकांना जे मिळाले नाही, ते आपल्याकडे निकालाने मिळालेले आहे. तरी ‘सेवेशी संबंध नाही’ असा एका ओळीचा शेरा मारलेले मेडिकल बोर्डाचे कागद आजही माझ्यापुढे येतात. कारण दिलेले नसते. अपील करायचे तर पोस्टिंगच्या ठिकाणी काय हाताळले, कशाजवळ काम केले याची एकही नोंद त्या माणसाच्या हातात नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. किरणोत्सर्ग, विषारी रसायने, दारूगोळ्याची धूळ यांजवळ ज्याला काम दिले, त्याच्या कामाची आणि तपासण्यांची नोंद निवृत्तीच्या दिवशी डिस्चार्ज बुकासोबत त्याच्या हाती द्यावी. गोपनीय जागेचे नाव वगळायचे तर वगळा, तारीख आणि मोजमाप वगळू नका. आपल्या जिल्ह्याच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. आणि आपल्या वर्तमानपत्राला विनंती, की यापुढे कुठल्याही देशाच्या चाचणीची बातमी छापताना किलोटनच्या आकड्याशेजारी तिथे किती माणसे कामाला लावली होती, तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
वडूज, जि. सातारा