साहेब, पेटंट संपलं, मग गोळी कुठाय?

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या वर्षी तुम्हीच भाषणात म्हणालात, पेटंट संपू द्या, सहा महिन्यांत स्वस्त जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची तीच गोळी, आणतो. आईच्या औषधाचं पेटंट संपून आठ महिने झाले साहेब. कॅलेंडरवर त्या तारखेला मी लाल गोल केला होता, आई हसली, म्हणाली माझ्या वाढदिवसाला कधी केला नाहीस. केमिस्ट रोज म्हणतो, आलं की फोन करतो.

मग मीच रात्री जागून वाचलं. पेटंटची 20 वर्षं अर्ज केल्यापासून मोजतात, त्यातली बरीचशी चाचण्यांतच जातात, ठीकाय, संशोधन फुकट होत नाही, मान्य. पण संपलं ते फक्त मूळ औषधाचं पेटंट! त्याच्या सॉल्टचं, म्हणजे क्षाररूपाचं, वेगळं, कोटिंगचं वेगळं, दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळीचं वेगळं. एवढीशी गोळी आणि सातबाऱ्यावर इतकी नावं? हे तुम्हाला भाषणाआधी कोणी सांगितलं नाही, की सांगितलं आणि टाळ्यांसाठी गाळलंत?

ह्युमिरा या संधिवाताच्या इंजेक्शनचंच बघा, अमेरिकेतलं मुख्य पेटंट 2016 ला संपलं आणि स्वस्त पर्याय बाजारात आले थेट 2023 ला, युरोपात मात्र 2018 लाच. आजार तोच, इंजेक्शन तेच, पण अमेरिकेत कंपनीने शंभराच्या वर पेटंटं रचून ठेवलेली. कुठे तर जेनेरिकवाल्यालाच पैसे देऊन थांबवतात, म्हणजे कोर्टात भांडायचं आणि मागच्या दाराने वाटून घ्यायचं. आणि एक जेनेरिक आलं म्हणून काही होत नाही हो, तो पहिला थोडासाच भाव उतरवतो, पाच-सहा जण उतरले की मग खरी पडझड.

भारताच्या पेटंट कायद्यात 3(डी) कलम आहे, जुन्याच औषधाला नवा झगा घातला आणि गुण वाढला नाही तर पेटंट नाही. 2013 ला सुप्रीम कोर्टाने ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाच्या केसमध्ये ते लावूनही दाखवलं. पण कलम असून काय, हरकत घ्यायची कोणी, पेशंटने? सलाईन लावून? सगळी सिस्टीमच अशी की कंपनीकडे वकिलांची फौज आणि आमच्याकडे टोकन नंबर.

निदान प्रत्येक औषधावर कुठली पेटंटं कधी संपतात ती यादी सगळ्यांना दिसेल अशी लावा, एवढं तरी करा.

आई आता ब्लेडने गोळी अर्धी करते, मला न सांगता. परवा ताटलीत पांढरा चुरा दिसला तेव्हा कळलं. सगळ्यात आधी निघतं ते कोटिंग, ज्याच्यावर ते वेगळं पेटंट आहे.

आपला,
एक पेशंटचा मुलगा