बांधावर राहिलेली चप्पल

यळ्ळूरला,
तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई हसत म्हणाली, "यांची डावी चप्पल बांधावरच राहिली, घरी आले तरी पत्ता नाही!" मला हसू आलं नाही. फोनवर बाबा विषय बदलतात, म्हणून लिहितेय.

बाबा, तुमचे पाय इंजेक्शनांनी गेलेले नाहीत, वयानेही नाहीत. श्रावणात कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलेलं क्लोरपायरिफॉस, ते कीटकनाशक, अंधारात दोन मोठे घोट पोटात गेलं, त्याचंच हे. (गावात कोण काय बोलतं ते मला ठाऊक आहे. बोलू देत.) फेस, घाम, टाचणीएवढ्या झालेल्या बाहुल्या, त्यावर अ‍ॅट्रोपिनचा उतारा चालला आणि तुम्ही वाचलात. पण ही फवारणीची औषधं शरीरातल्या आणखी एका एन्झाइमला धरतात, तिथे अ‍ॅट्रोपिनचं काही चालत नाही. मग दोन-तीन आठवड्यांनी लांबात लांब नसा टोकाकडून सुकायला लागतात. गणपतीत पोटऱ्यांत गोळे यायचे, तळव्यांना मुंग्या यायच्या, आठवतं? आपण अशक्तपणा म्हणून सोडून दिलं.

तुमच्या चालण्याचा व्हिडिओ इथल्या डॉक्टरांना दाखवला. चिखलणीच्या वाफ्यात चालावं तसे गुडघे उचलता, पाऊल मात्र लोंबतं. नसांची तपासणी बेळगावात करून घ्या. सगळं पूर्वीसारखं होईल असं मी म्हणणार नाही. नस वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे गुडघ्यापासून बोटांपर्यंत वर्षाच्या वर. भाताचं पीक चार महिन्यांत येतं, हे तसं नाही.

तोवर पावलाला आधार देणारी पट्टी बांधा, व्यायाम चुकवू नका. फिजिओथेरपीवाला कन्नडच बोलतो ही सबब चालायची नाही. बाजारात भाव करताना तुमचं कन्नड कसं वाहतं!

आई, गरम पाण्याचा शेक बंद कर. भाजलं तरी त्यांना कळणार नाही. आणि शेडमध्ये तसल्या आणखी बाटल्या असतील तर त्यांना कुणाला हात लावू देऊ नकोस, आधी मला सांग.

दिवाळीला येताना मागे पट्टा असलेल्या सँडल आणते. वहीच्या कागदावर त्यांची दोन्ही पावलं ठेवून पेन्सिलीने माप काढ. काढताना विचार, पेन्सिल कुठवर कळते. जिथे कळणार नाही तिथे फुली मार आणि फोटो पाठव.

तुमची,
ताई