कोगनोळी नाक्यापलीकडे न जाणारी चाकं : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री आणि अध्यक्ष, जीएसटी परिषद,
नवी दिल्ली

महोदया,

स. न. वि. वि.

आपण राज्यसभेत कर्नाटकाच्या प्रतिनिधी आहात, म्हणून थोड्या हक्काने लिहितो आहे. विषय छोटा आहे: घरात बनवलेली मॉडेल रेल्वेची चाकं दुसऱ्या राज्यात पाठवायला जीएसटीचा एक नियम आड येतो. मोजून सांगायचं तर बारा मिलिमीटर रुंदीचा.

मी बेळगावात टिळकवाडीत राहतो, नोकरीतून निवृत्त झालो आहे आणि घरात मॉडेल रेल्वे बांधतो. सदर्न मराठा रेल्वेने घातलेली बेळगाव-खानापूर-लोंढा ही लाईन नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली, होती. वायजी आणि वायपी ही वाफेची इंजिनं, मग वायडीएम-4 डिझेल, कॅसलरॉकच्या खालचा 37 फुटांत एक फूट चढणारा घाट, हे सगळं माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं. आता ते रूळही नाहीत आणि ते डबेही नाहीत. ती लाईन मी 1:87 या प्रमाणात पुन्हा उभी करतो आहे. एक मीटरची मीटरगेज या प्रमाणात साडेअकरा मिलिमीटर होते, आणि त्याला जवळचा तयार रूळ मिळतो तो बारा मिलिमीटरचा. आमचं नशीब त्या मानाने बरं. ब्रॉडगेजवाल्यांचे हाल विचारू नका. आपली 1676 मिलिमीटरची ब्रॉडगेज याच प्रमाणात 19.3 मिलिमीटर व्हायला हवी, पण बाजारातला तयार रूळ साडेसोळाचा, म्हणजे परदेशातल्या 1435 मिलिमीटरच्या गेजचा. म्हणून भारतातल्या बहुतेक मॉडेलांतल्या गाड्या रुंद अंगाच्या आणि अरुंद पायांच्या दिसतात.

जर्मनीतली मेर्कलिन ही कंपनी 1859 पासूनची, इंग्लंडच्या हॉर्नबीच्या गाड्या 1920 पासूनच्या. दोन्ही कंपन्या उत्तम माल करतात, पण आपापल्या देशातल्या गाड्यांचा. लोंढ्याच्या यार्डातला मीटरगेजचा डबा त्यांनी का करावा? गिऱ्हाईक किती, तर देशभरात विखुरलेले आमच्यासारखे थोडे हौशी. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून उभं आहे. तिथे मुलं काचेला नाक लावून बघतात, पण घरी आल्यावर तसलं काही विकत घ्यायचं म्हटलं तर दुकान नाही. जे मिळतं ते एकेकट्या कारागिराकडून. एक माणूस, एक खोली, एक यंत्र.

असे तिघे मला ठाऊक आहेत. नावं देत नाही, कारण देऊ का म्हणून विचारलं तेव्हा तिघेही नको म्हणाले. का नको, ते पुढे कळेलच.

पहिला आमच्याच गावचा. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये नोकरीला आहे आणि संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या छोट्या लेथवर माझी चाकं काढतो. दिसायला वाटाण्याएवढं चाक, पण त्यात काय काय आहे ते बघा. मॉडेलच्या दोन रुळांतून वीज वाहते, एकात धन आणि एकात ऋण. चाकाची जोडी सरळ धातूच्या आसावर ठोकली की दोन्ही रूळ एकमेकांना भेटले आणि शॉर्ट झालं. म्हणून एका बाजूच्या चाकाच्या पोटात नायलॉनचं बुश बसवावं लागतं, तेही असं की चाक डगमगता कामा नये. मग दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर. ते थोडं जरी इकडेतिकडे झालं तरी सरळ रुळावर गाडी धावते आणि पॉइंटवर, म्हणजे रूळ फाटतात तिथे, आली की पडते. हा गडी प्रत्येक जोड व्हर्नियरने मोजतो, मग काचेच्या तुकड्यावर सोडून बघतो. सरळ गेली तर पास, वळली तर भंगारात. पास झालेल्या जोड्या औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत कापूस घालून देतो. मोठ्या कंपनीच्या गुणवत्ता तपासणीचे शिक्के मी नोकरीत भरपूर पाहिलेत; या काचेच्या तुकड्यावर माझा जास्त विश्वास आहे.

दुसरा हुपरीचा. घरात चांदीचं काम पिढ्यान्पिढ्या. मेणाचा नमुना, त्यावर प्लास्टर, भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा, ही पैंजणाच्या घुंगरांची रीत. त्याच रीतीने तो पितळेत मीटरगेजचे बफर, म्हणजे डब्याच्या टोकाचे धक्के झेलणारे भाग, ओततो. बाजारात मिळणारे बफर डब्याच्या दोन बाजूंना दोन असतात. आमच्या मीटरगेजला एकच, मधोमध, आणि त्यातच डबे जोडणारा कपलर. तो कुठेही तयार मिळत नाही. तिसरा इचलकरंजीचा. दिवसा यंत्रमागाचे सुटे भाग दुरुस्त करतो आणि रात्री रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर वायडीएम-4 चं अंग छापतो.

यांच्याकडून माल मागवायचा म्हणजे दुकानदारी नाही. आधी व्हॉट्सअॅपवर जुना फोटो पाठवायचा, मग मापांवर वाद, मग थोडी उचल द्यायची आणि गप्प बसायचं. दहा-बारा गिऱ्हाइकांची मागणी जमली की कारागीर एकदम घाणा काढतो. एकट्यासाठी भट्टी पेटवणं परवडत नाही. मध्ये त्याच्या मुलीची दहावी येते, ऊस येतो, लग्नसराईत चांदीचं काम येतं. विचारलं तर उत्तर येतं, "होतंय की, थांबा." आणि होतं. माझी उचल आजवर एकानेही बुडवलेली नाही. ऑनलाइन मोठ्या दुकानातून मागवलेल्या मिक्सरबद्दल मला तेवढं म्हणता येणार नाही.

आता कायद्याकडे येतो.

केंद्रीय जीएसटी कायद्याने माल विकणाऱ्या छोट्या माणसाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट दिली आहे. जानेवारी 2019 मध्ये परिषदेने ती मर्यादा वाढवली आणि त्याच एप्रिलपासून ती लागू झाली. चांगलंच झालं. पण त्याच कायद्याचं कलम 24 म्हणतं की करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. उलाढाल किती, हा प्रश्नच नाही. म्हणजे आमचा लेथवाला पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूला चाकं पाठवू शकतो, बिदरला पाठवू शकतो. जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या कोल्हापूरला पाठवू शकत नाही. पार्सल राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून गेलं की तो कायदा मोडणारा ठरला.

हा नियम दिल्लीत बसून वाचला तर रास्त वाटेल. मधल्या जिल्ह्यांत तो फारसा कुणाला टोचतही नसेल. पण निपाणीच्या माणसाची बाजारपेठ कोल्हापूर आहे, खानापूर-बेळगावची सोयरीक चंदगड-गडहिंग्लजला आहे, अथणीचा माणूस कामाला मिरजेला जातो. आमच्या दृष्टीने हे सगळं जवळपासचं, कायद्याच्या दृष्टीने आंतरराज्यीय. (सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो या पत्रात काढत नाही, घाबरू नका. सीमा जिथे आहे तिथे असू दे, मी फक्त तिच्यावरून जाणाऱ्या पार्सलाबद्दल बोलतो आहे.)

उलट्या दिशेनेही तेच. इचलकरंजीचा कारागीर माझा पिन कोड 590 ने सुरू होतो हे बघून म्हणाला, "काका, महाराष्ट्रातला पत्ता द्या, बाकी काही नको." म्हणून माझं पार्सल आता शिनोळीला नात्यातल्या एकाच्या घरी उतरतं. शिनोळी चंदगड तालुक्यात, बेळगावपासून हाकेच्या अंतरावर. मी स्कूटर काढतो, चहा पितो आणि इंजिनाचं अंग पिशवीत घालून परत येतो. मॉडेलच्या एका इंजिनासाठी एका निवृत्त माणसाने राज्याची सीमा ओलांडून माल आणावा, हे कोणत्या महसुलाचं रक्षण आहे ते मला समजलेलं नाही.

आमच्या लेथवाल्याला कोल्हापूरच्या एकाने वीस जोड मागितले तेव्हा तो मला विचारायला आला, "पाठवू काय नको?" मी म्हटलं, त्यालाच बोलाव इकडे. समोरासमोर दिलं, रोख घेतलं, विषय मिटला. त्या माणसाचं एसटीचं भाडं मात्र चाकांच्या किमतीत जाऊन बसलं.

नोंदणी का करत नाहीत, असं आपण विचाराल. नोंदणी आता सोपी झाली आहे, हे मान्य. परिषदेच्या सप्टेंबर 2025 च्या बैठकीनंतर कमी जोखमीच्या छोट्या अर्जदारांना कामकाजाच्या तीन दिवसांत नंबर देण्याची सोयही आली. पण घोडं नंबरावर अडलेलं नाही. नंबर मिळाला की विवरणपत्र आलं, मासिक नाहीतर तिमाही. एकही चाक विकलं नाही तरी ते भरायचंच, आणि चुकलं तर शून्य विक्रीला दिवसाला 20 रुपये, एरवी 50 रुपये विलंब शुल्क. हिशेबनीस ठेवला तर त्याची फी चाकांच्या नफ्यातून जाणार. कंपोझिशन योजना, म्हणजे छोट्यांनी ठरावीक दराने कर भरायची सोय, घ्यावी, तर त्यात दुसऱ्या राज्यात माल विकायलाच बंदी. ऑनलाइन बाजारपेठेवरून विकावं, तर ऑक्टोबर 2023 पासून नोंदणी नसलेल्यांना तिथे मुभा आहे, पण तीही आपल्याच राज्यापुरती. जिकडून जावं तिकडे नाका.

महोदया, या नियमाला अपवाद करता येत नाही असं नाही. आपल्याच परिषदेने तो केलेला आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये सेवा देणाऱ्यांना मोकळीक मिळाली: 20 लाखांपर्यंत दुसऱ्या राज्यात सेवा द्या, नोंदणी नको. म्हणजे बेळगावात बसून कुणी त्या चाकाचं संगणकावर ड्रॉइंग काढून कोल्हापूरला ईमेल केलं तर चालतं. तेच चाक लेथवर काढून पोस्टात टाकलं तर चालत नाही. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंनाही अशीच सूट आहे. मग आमची चाकं हस्तकलेत बसवावीत म्हणून व्याख्या काढून वाचली. वस्तू मुख्यतः हाताने केलेली हवी, इथवर ठीक. पुढे म्हणतात, तिला नक्षी, जडावकाम यांसारखं दृश्य सौंदर्य हवं आणि कलात्मक, पारंपरिक किंवा सांस्कृतिक वेगळेपण हवं. आता मीटरगेजच्या चाकावर मोर कोरायचा कुठे? चाकाचं सौंदर्य हेच की ते गोल आहे.

एक गोष्ट मात्र मला खरोखर खटकते. आयात खेळण्यांनी देशी कारागीर मरतो म्हणून आपल्याच सरकारने 2020 मध्ये खेळण्यांवरचं सीमाशुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर आणि 2023 मध्ये 70 वर नेलं. लहान आकाराची मॉडेलं त्याच शीर्षकाखाली येतात, तेव्हा इंग्लंडातल्या अशाच एखाद्या एकट्या माणसाकडून डब्याच्या जुळणीचा पितळेचा पत्रा मागवण्याची आमची हौस तिथेच थंडावली. तक्रार नाही. देशी माल घ्या म्हणालात, आम्ही देशी माणूस शोधला. तो सापडला उद्यमबागेत आणि हुपरीत. आता त्या दोघांना एकमेकांच्या राज्यात माल पाठवू द्या, एवढंच राहिलं आहे.

महसूल बुडेल ही भीती असेल तर हिशेब मांडू. नोंदणी नसलेला हा कारागीर पितळेची सळई, नायलॉन, रेझिन घेतो तेव्हा जीएसटी भरूनच घेतो आणि त्याचा परतावा त्याला मिळत नाही; तो कर सरकारजमाच राहतो. बुडेल तो फक्त त्याच्या मजुरीवरचा आणि नफ्यावरचा कर, आणि तोही आज मिळत नाहीच, कारण माल जातच नाही किंवा शिनोळीमार्गे जातो. मोठे व्यापारी धंद्याचे तुकडे करून या सवलतीत घुसतील ही भीती जास्त खरी आहे. तिच्यावर उपायही आपल्याकडेच तयार आहे. ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्या बिननोंदणी माणसाला पोर्टलवर पॅन देऊन एक नावनोंदणी क्रमांक मिळतो. तोच क्रमांक पार्सलवर लिहायची अट घाला. माल स्वतः बनवलेला असावा आणि थेट वापरणाऱ्या गिऱ्हाइकालाच विकलेला असावा, अशीही अट घाला. मर्यादा सेवांइतकी 20 लाख ठेवा. 10 लाख ठेवलीत तरी माझे तिघेही तिच्या आत आयुष्यभर मावतील.

परिषदेत निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात आणि केंद्राकडे एक तृतीयांश वजन आहे. उरलेलं राज्यांकडून यावं लागेल. कर्नाटक आणि महाराष्ट्र एकाच बाजूला हात वर करतील असे विषय फार नाहीत. हा एक होऊ शकतो, कारण यात दोन्हीकडचे कारागीर सारखेच अडकले आहेत.

तेव्हा विनंती अशी, की स्वतः बनवलेला माल टपालाने किंवा कुरिअरने परराज्यातल्या गिऱ्हाइकाला पाठवणाऱ्या एकट्या कारागिराला कलम 24 मधून सूट देण्याचा विषय परिषदेच्या पुढच्या बैठकीत घ्यावा. ही सूट देण्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागत नाही. सेवांना दिली तशी अधिसूचना पुरते. या पत्राची प्रत परिषदेवरच्या दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींनाही पाठवतो आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक मॉडेल रेल्वेवाला
टिळकवाडी, बेळगाव