पटर बदलण्याआधी आईच्या हातात वही द्या

कार्डिफ

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर गोल्फबद्दल बोलताना बाबा म्हणाले, “पटिंग गेलं माझं. ग्रीनवर पोचलो की हात थरथरतात. आता बॅग कुणाला तरी देऊन टाकतो.” (आई, तुझ्यासाठी: ग्रीन म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत. तिथे बॉल पटर नावाच्या स्टिकने होलकडे ढकलतात, त्या फटक्याला पट म्हणतात.) मागून आई काहीतरी म्हणाली, ते नीट ऐकू आलं नाही, आणि विषय मामाच्या ऑपरेशनवर गेला. मला मात्र तो तिथेच सोडायचा नाही, म्हणून हे पत्र. फोनवर आकडे सांगता येत नाहीत आणि बाबांना पटतं ते कागदावर मांडलेलंच.

बाबा, माझं म्हणणं एवढंच आहे की पटिंग गेलं की नाही हे तुम्हाला अजून माहीत नाही. मलाही नाही. तुम्ही ज्यावरून निकाल काढला ते स्कोअरकार्ड मला डोळ्यांसमोर दिसतं: होल, पार म्हणजे त्या होलला अपेक्षित फटके, तुमचे फटके आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात पट किती लागले ते. शेवटी बेरीज 38. पूर्वी 33-34 असायची, म्हणून पटिंग गेलं. पण पहिला पट मारताना बॉल होलपासून किती लांब होता, हे त्या कार्डावर कुठेच नाही. दहा फुटांवरून तीन पट लागले की साठ फुटांवरून, कार्डाला दोन्ही सारखेच.

माझं इथलं काम नेमकं यातलंच आहे. नोटेशनल ॲनालिसिस म्हणजे खेळ चालू असताना काय घडलं ते ठरलेल्या खुणांनी, क्रमाने, मत न देता लिहून काढायचं आणि नंतर त्यातून काय दिसतं ते पाहायचं. चार्ल्स रीप यांच्याबद्दल मी कधी सांगितलं होतं का, आठवत नाही. ते तुमच्याच बिरादरीतले: ब्रिटिश हवाई दलातले अकाउंट्सचे अधिकारी, विंग कमांडर. 18 मार्च 1950 ला ते स्विंडन टाउनची फुटबॉल मॅच पाहायला गेले, पहिल्या हाफचा खेळ पाहून वैतागले आणि मध्यंतरानंतर खिशातून वही-पेन्सिल काढून प्रत्येक चाल टिपू लागले. पुढे त्यांनी दोन हजारांहून जास्त मॅचेस अशा टिपल्या. रात्रीच्या मॅचला वही दिसावी म्हणून ते खाणकामगारांचं दिव्याचं हेल्मेट घालत. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

पण त्यांच्या निष्कर्षात एक खोट राहिली, आणि ती तुम्हाला सांगायचीच आहे. त्यांना दिसलं की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात. म्हणून बॉल फार फिरवत न बसता लांब पुढे मारा, असं त्यांचं मत झालं, आणि इंग्लिश फुटबॉलमधल्या काहींनी ते बराच काळ मानलं. मुळात फुटबॉलमधल्या बहुतेक चालीच तीन पासांच्या आत संपतात, मग गोलही त्यांतूनच जास्त दिसणार. किती प्रयत्नांतून किती गोल, हा भागाकार राहून गेला. नोंदी चोख होत्या, भाजक नव्हता. बाबा, तुमच्या 38 पटांचंही तेच झालंय.

गोल्फमध्ये हा भाजक मिळाला तो अमेरिकेत. पीजीए टूर, म्हणजे तिथल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या मालिकेतल्या, स्पर्धांमध्ये या शतकाच्या सुरुवातीपासून स्वयंसेवक प्रत्येक होलवर लेझर घेऊन उभे राहत आणि प्रत्येक फटक्यानंतर बॉल कुठे थांबला ते नोंदवत. या व्यवस्थेचं नाव शॉटलिंक. त्या लाखो नोंदी घेऊन कोलंबिया बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी एक कोष्टक तयार केलं: अमुक अंतरावरून, अमुक जागेवरून बॉल होलमध्ये जायला टूरवरच्या खेळाडूला सरासरी किती फटके लागतात. टूरने 2011 पासून पटिंगसाठी हीच मोजणी अधिकृत केली. तिला स्ट्रोक्स गेन्ड म्हणतात.

त्यातले थोडे आकडे देते. तीन फुटांवरून सरासरी 1.04 पट. आठ फुटांवरून 1.50, म्हणजे टीव्हीवर दिसणारे जगातले उत्तम खेळाडू आठ फुटांवरून निम्म्या वेळा चुकतात. दहा फुटांवरून 1.61, वीस फुटांवरून 1.87, तीस फुटांवरून 1.98, साठ फुटांवरून 2.21. आता तुमचा तीन पटांचा होल घ्या. दहा फुटांवरून तीन लागले असतील तर 1.61 वजा 3, म्हणजे जवळजवळ दीड फटका गेला, आणि तो पटरनेच घालवला. साठ फुटांवरून तीन लागले असतील तर तोटा 0.79, म्हणजे सुमारे निम्माच. तीस फुटांवरून दोन पटांत संपवलं तर तुम्ही टूरच्या खेळाडूच्या बरोबरीने खेळलात. तरी घरी येऊन तुम्ही म्हणणार, आज एकही पट गेला नाही.

बाकीचे फटकेही असेच मोजतात. 400 यार्डांच्या होलला टीवरून, म्हणजे होल जिथून सुरू होतो तिथून, सरासरी 3.99. ड्राइव्हनंतर, म्हणजे टीवरच्या पहिल्या लांब फटक्यानंतर, फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) 140 यार्ड उरले तर तिथून 2.91. फरक 1.08, त्यातून मारलेला एक फटका वजा केला की ड्राइव्हने 0.08 कमावले. दुसरा फटका ग्रीनवर वीस फुटांवर आला तर 2.91 मधून 1.87 आणि 1 वजा, म्हणजे 0.04 ची कमाई. तो पट एकात गेला तर 0.87. तिन्हींची बेरीज 0.99, आणि 3.99 चा होल तीनमध्ये झाला, तेव्हा हिशेब जुळला. बाबा, ताळेबंद न जुळता झोप न येणाऱ्या माणसाला हे आवडल्याशिवाय राहणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही नेहमी सांगता ते वाक्य, ड्राइव्ह दिखाव्याला आणि पट पैशाला, चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेल्या बॉबी लॉक यांच्या नावावर सांगितलं जातं. ब्रॉडी यांनी 2004 ते 2012 च्या नोंदींवरून टूरवरच्या आघाडीच्या 40 खेळाडूंची आघाडी नेमकी कुठून येते ते काढलं. पटिंगचा वाटा सुमारे 15 टक्के निघाला. ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांचा 17, ड्रायव्हिंगचा 28 आणि ग्रीनकडे मारलेल्या लांब फटक्यांचा 40 टक्के. एखादी स्पर्धा पटरवर जिंकली जाते, पण वर्षानुवर्षांचा फरक पडतो तो ग्रीनवर पोचण्याआधी.

आता तुमच्याबद्दल माझा अंदाज, आणि तो अंदाज म्हणूनच घ्या. गुडघ्याच्या दुखण्यानंतर तुमची ड्राइव्ह तीस-चाळीस यार्डांनी आखूड झाली. पूर्वी दुसऱ्या फटक्याला आठ नंबरची आयर्न पुरायची, आता हायब्रिड, म्हणजे जास्त लांब मारायची स्टिक, काढावी लागते. हायब्रिडचा बॉल ग्रीनवर आला तरी झेंड्याजवळ थांबत नाही, कडेला राहतो. मग पहिला पट चाळीस-पन्नास फुटांचा. तिथून तीन पट कुणालाही लागतील. म्हणजे वयाने काही नेलं असेल तर ते टीवर नेलं, आणि शिक्षा ग्रीनवर पटरला होतेय. असं असेल तर नवा महागडा पटर घेऊन काहीच बदलणार नाही. बॅग देऊन टाकण्याचं तर कारणच उरत नाही.

माझा अंदाज चुकीचाही निघू शकतो. म्हणून चार फुटांच्या आतले पट आपण वेगळे मोजू. तेच सारखे चुकत असतील तर अडचण खरोखर हातात आहे, आणि मग ग्रिपचं बघण्याआधी त्या थरथरण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. बाबा, ते गोल्फसाठी नाही, ते तसंही करायचंच आहे.

आई, आता तुझ्याकडे येते. नोंदी बाबांनी करायच्या नाहीत. खेळणारा माणूस स्वतःचे फटके आठवणीने लिहितो तेव्हा त्याला वाईट तेवढं लख्ख आठवतं. नोंद दुसऱ्याने, तिथल्या तिथे करायची. आणि तुझ्याइतकी तयार नोंदणारी मला माहीत नाही. रेडिओवरची कॉमेंट्री ऐकत तू भरलेली टेस्ट मॅचची स्कोअरबुकं मी लहानपणी माळ्यावरून काढून वाचायचे. प्रत्येक बॉलला टिंब, आकडा नाहीतर विकेटची खूण, आणि दिवसाअखेर गोलंदाजांची बेरीज फलंदाजांच्या बेरजेशी जुळलेली. मी आज जे करते ते मी प्रथम तुझ्या अक्षरात पाहिलं. तुला गोल्फ कळत नाही असं तू म्हणतेस. या कामाला खेळातलं मत लागतच नाही. तू बाबांबरोबर कार्टमध्ये बसून जा, सकाळची हवाही मिळेल.

वही अशी आख. प्रत्येक फटक्याला एक ओळ. होलचा नंबर, बॉल कुठे आहे, झेंडा किती लांब, हातात कोणती स्टिक. जागेसाठी एकच अक्षर: टीवर ट, फेअरवेवर फ, रफमध्ये म्हणजे वाढलेल्या गवतात र, बंकरमध्ये म्हणजे वाळूच्या खड्ड्यात ब, झाडामागे अडकला तर झ, ग्रीनवर ग. बॉल कुठे गेला हे वेगळं लिहायला नको, पुढची ओळ तेच सांगते. पाण्यात गेला, हरवला, तर दंडाचा फटका म्हणून द, त्याचीही स्वतंत्र ओळ. ग्रीनच्या बाहेर अंतर यार्डात. ते बॅग उचलणाऱ्या कॅडीला विचार, त्याला प्रत्येक झाडापासूनचं अंतर तोंडपाठ आहे. ग्रीनवर मात्र फुटात, आणि ते पावलांनी मोज: मोठं पाऊल म्हणजे तीन फूट. फक्त चालताना कुणाच्या पटाच्या रेषेवर पाय पडू देऊ नकोस.

ग्रीन चुकली तर शेवटी एक खूण कर: डावीकडे, उजवीकडे, आखूड की लांब. हौशी खेळाडूंचे चुकलेले फटके बहुतेक आखूडच असतात, कारण स्टिक निवडताना ते आपला सर्वांत चांगला बसलेला फटका मनात धरतात. आखूडच्या खुणा फार दिसल्या तर उपाय सोपा आहे, एक नंबर मोठी स्टिक घ्यायची. स्विंगला हातही लावायचा नाही. ‘छान’, ‘अरेरे’, ‘वाऱ्यामुळे’ असं काही लिहायचं नाही, आणि बाबांनी वहीत डोकवायचं नाही. अठरा होल झाल्यावर पानाचा फोटो काढून मला पाठवा. वजाबाकी मी करेन.

एका पानावरून मी काही सांगणार नाही. पट तर विशेष लहरी असतात, एका दिवशी सगळे जातात, दुसऱ्या दिवशी एकही नाही. दहा-बारा पानं जमली की चित्र स्थिर व्हायला लागतं. पानावर तारखेबरोबर कोर्स ओला की कोरडा तेही लिही. पुण्यात जुलैत बॉल पडतो तिथेच रुततो, तीच ड्राइव्ह डिसेंबरात वीस यार्ड जास्त रुळते, आणि ग्रीनही तेव्हा वेगळ्याच असतात. पावसाळ्याची पानं हिवाळ्याच्या पानांत मिसळायची नाहीत.

आणखी एक, बाबा, रागावू नका. पुढच्या, म्हणजे होलला जवळच्या, टीवरून खेळण्यात कमीपणा नाही. 2020 मध्ये आलेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये प्रत्येक टीचं कोर्स रेटिंग, म्हणजे तिथून खेळणं किती अवघड त्याचा आकडा, वेगळं असतं, त्यामुळे पुढून खेळलात तर हँडिकॅपचे, म्हणजे सवलतीचे, फटकेही त्या मानाने कमी मिळतात. कुणी फुकटचं काही घेत नाही. काही पानं मागच्या टीची आणि काही पुढच्या टीची भरा. पुढून खेळल्यावर तुमचा पहिला पट जवळून यायला लागला आणि पटांची बेरीज आपोआप उतरली, तर माझा अंदाज बरोबर ठरेल.

2021 च्या ऑगस्टमध्ये आपण तिघं व्हिडिओ कॉल चालू ठेवून अदिती अशोकचा खेळ पाहत होतो ते आठवतंय ना? टोकियो ऑलिंपिक, कासुमिगासेकीचा कोर्स. त्या वर्षी आधी कोविड झाल्यामुळे तिची ताकद कमी झाली होती, ड्राइव्हच्या अंतरात ती जवळजवळ सगळ्यांच्या मागे होती. पटिंगच्या आकड्यांत मात्र सगळ्यांच्या पुढे. 15 अंडर पारवर ती चौथी आली, ब्राँझ एका फटक्याने गेलं. तुम्ही दोघं तिच्याबरोबर बॅग घेऊन चालणाऱ्या तिच्या आईकडेच पाहत होता. दुसऱ्या गटात खेळणाऱ्या मुली तिच्याहून कितीतरी लांब मारत होत्या. तिने तो फरक कुठे भरून काढायचा ते ओळखलं होतं आणि चार दिवस तिथेच भरून काढला. बाबा, ‘अंतर गेलं म्हणजे खेळ गेला’ असं म्हणताना तिचे आकडे आठवा. आपला तिच्याशी खेळात काही मेळ नाही, पण हिशेब तोच आहे.

तुमचं गोल्फ मला हँडिकॅपपेक्षा फार जास्त महत्त्वाचं आहे. निवृत्तीनंतर त्या सकाळच्या चालण्याने तुमची साखर आटोक्यात ठेवली, लोहगावचे जुने सहकारी टिकवले आणि घरी येऊन आईला सांगायला रोज काहीतरी दिलं. ते एका चुकीच्या बेरजेपायी सुटू नये.

आखलेल्या पानाचा नमुना काकांच्या प्रिंटरवर काढता येईल असा पाठवतेय, अक्षरं मोठी ठेवली आहेत. आई, पेन्सिल वापर, सकाळच्या दवात शाई पसरते. रविवारी फोन करेन, तेव्हा पहिल्या पानाबद्दल फक्त तू बोलायचंस.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, पटर ऑर्डर केला असेल तर पानं जमेपर्यंत तो खोक्यातच राहू द्या. मध्येच पटर बदललात तर आधीच्या आणि नंतरच्या पानांची तुलना करता येणार नाही.