खानावळीच्या काकूंना

काकू, स. न.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, माझंही नाही. दुखणंच तसं आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत दिवसभर खुर्चीला खिळून बसणारी कितीतरी पोरं मूळव्याध सोसत असतात, पण टपरीवर चर्चा होते ती कटऑफची. म्हणून तुमचे आभार सगळ्यांच्या देखत मानतोय.

मी तुम्हाला एवढंच म्हणालो होतो की पोट बरं नाही, उद्यापासून नुसता भात द्या. तुम्ही लाटणं ठेवलंत आणि सरळ विचारलंत, "रक्त पडतंय का रे?" मी गप्प. "धाकट्याच्या वेळी मलाही झाली होती. त्यात लाजायचं काय? आधी डॉक्टरला दाखवून ये, ताटाचं मी बघते." ही अट तुम्ही घातली नसती, तर मी विजेच्या खांबावरच्या 'बिना ऑपरेशन' जाहिरातीतला नंबर फिरवला असता. रक्त पडतं म्हणजे मूळव्याधच असं नसतं, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही ते पडू शकतं, हे डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. माझी पहिल्या टप्प्यातली निघाली. फार पुढे गेलेली असती तर नुसत्या खाण्याने भागलं नसतं.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: रोज २५ ते ३० ग्रॅम फायबर, भरपूर पाणी, कुंथायचं नाही. हे फायबर ग्रॅममध्ये मोजून कोण खातं? तो कागद तुम्ही चष्मा लावून वाचलात आणि म्हणालात, "म्हणजे चोथा. मग भात कसला मागतोस?"

दुसऱ्या दिवसापासून ताट बदललं. न चाळलेल्या पिठाची ज्वारीची भाकरी आली. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात दहाएक ग्रॅम चोथा असतो, मैद्यात तीन ग्रॅमही नसतो, आणि माझा नाश्ता म्हणजे तर रोजचा खारी-चहा. सालासकट मटकीची उसळ, मेथी नाहीतर शेपू, मुळ्याची कोशिंबीर, वाटीभर ताक. सुरणाची भाजी चिंच घालून करायचात, घसा खाजू नये म्हणून. आयुर्वेदात मूळव्याधीला सुरण आणि ताक दोन्ही सांगितलंय, पण तुम्ही त्याचा दाखला कधी दिला नाहीत. डब्यात मात्र दुपारसाठी पेरू असायचाच.

तुमची खरी हुशारी मला वाटते ती बेताची. पहिल्याच दिवशी वाडगाभर उसळ ओतली नाहीत, थोडी थोडी वाढवत नेलीत. तरी सुरुवातीला गॅस व्हायचा, अभ्यासिकेत चोरट्यासारखं बसावं लागायचं. "होईल सवय," म्हणालात, आणि झाली. इसबगोल पेलाभर पाण्याशिवाय घ्यायचा नाही, हा दमही तुमचाच. चोथा पाणी धरून ठेवतो म्हणून शौच मऊ होतं, जोर करावा लागत नाही आणि सुजलेल्या शिरांवरचा ताण कमी होतो. पाणीच नसेल तर तोच इसबगोल आत अडकून बसतो.

ठेच्यावरून मात्र आपलं वाजलं होतं. डॉक्टरांच्या मते तिखटाने मूळव्याध वाढते असं सिद्ध झालेलं नाही. तुम्ही म्हणालात, "डॉक्टरला म्हणावं, जळजळ तुला होते का?" आणि माझा ठेचा बंद. तिथे मी अजूनही डॉक्टरांच्या बाजूने आहे.

पुढे मी उत्सुकतेपोटी वाचलं. २००५ सालच्या एका आढाव्यात सात चाचण्यांमधले ३७८ रुग्ण होते, आणि फायबर घेणाऱ्यांमध्ये रक्तस्रावाचा धोका साधारण निम्म्यावर आला होता. माझंही रक्त थांबलं ते औषधाच्या पिशवीपेक्षा तुमच्या ताटाने, असं मी मानतो. मलम होतं, कोमट पाण्यात बसणं होतं, मोबाईल घेऊन संडासात न बसण्याचा नियमही होता. पण सल्ला मला आधीच मिळालेला होता. तो रोज दोन वेळा शिजवून समोर ठेवणारं माणूस मिळणं अवघड असतं.

आता नोकरीच्या गावी मी पीठ स्वतः दळून आणतो. भाकरी अजून जमत नाही, कडा चिरतात, म्हणून बिनचाळल्या कणकेच्या पोळ्यांवर भागवतो.

आणि एक. तुम्ही पेरूचे पैसे महिन्याच्या हिशोबात कधीच धरले नाहीत. ते आज पाठवलेत. परत पाठवू नका, तुम्हाला सवय आहे. मटकी न खाता ताट सरकवणारा एखादा नवा मेंबर असेलच, त्याच्या डब्यात घाला.

तुमचा,
खिडकीजवळच्या टेबलावरचा मेंबर