शिशाच्या खेळण्यांना पॉलिश पेपर नको

मा. संपादक,

गड्डा यात्रेनंतर आजोबांच्या पेटीतली शिशाची गाय मी येथील एका रंगाऱ्याकडे दिली. त्याने ती पॉलिश पेपरने घासून ऑइलपेंटचा असा जाड थर दिला की डोळ्यातले केसाएवढे काजळही बुजले. (घाई माझीच होती.) लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ मध्ये शिशाची खेळणी आतून पोकळ ओतण्याची पद्धत आणली, त्या धाटणीच्या खेळण्यांचे मोल मूळ रंगातच असते, शिवाय जुन्या रंगातही शिसे असू शकते, म्हणून घासल्यावर उडणारी धूळ मुलांना घातक ठरते. मऊ ब्रशने साफसफाई करून उडालेल्या जागेपुरताच ॲक्रिलिक रंग लावावा. लाकडी पेटी टाळावी, कारण लाकडाच्या आम्लवाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते.

— एक वाचक, सोलापूर